राहत्या गावात वारसा आखताना

आमचं पोशीर गाव नेरळ–कळंब रस्त्यावर. शेताच्या बांधावर उभं राहिलं की नैर्ऋत्येला माथेरानचा डोंगर दिसतो. खालच्या गावांचं आणि त्या डोंगराचं नातं जुनं आहे. आमच्याकडची भाजी, दूध, मजुरी वर जाते, आणि वरचा हंगाम बसला की खालच्या घरांतही हात आखडतो. मी पेशाने नगररचनाकार. जुन्या वस्त्यांचे नकाशे करणं, घरांच्या नोंदी घेणं, पाहुण्यांसाठी वारसा-फेरीचे मार्ग सुचवणं ही कामं मी इतर गावांतही केली. पण खरं शिक्षण झालं ते माथेरानच्या वाटांवर, तिथल्या रहिवाशांबरोबर बसून, चालून आणि वाद घालून.

माथेरान पाहणाऱ्याला थंड हवेचं ठिकाण वाटतं. तिथे राहणाऱ्याला ते नगरपालिका, शाळा, रेशन, दवाखाना असलेलं साधं गाव आहे. या दोन नजरा एका कागदावर आणणं हेच वारसा परिसर आखण्याचं काम. त्यातून हाताला लागलेलं इथे क्रमाने मांडतो.

१. नकाशाआधी गावाचा दिवस मांडा

वारसा परिसर आखायला आलेली माणसं आधी इमारतींची यादी करतात. मी आता आधी दिवसाचा तक्ता करतो. उभ्या रांगेत तास, आडव्या रांगेत रस्ते. कोणत्या वेळी कोणत्या रस्त्यावर कोण असतं, एवढंच त्यात लिहायचं.

माथेरानमध्ये गाड्यांना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. त्यामुळे गावाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू, मग ती भाजी असो, गॅसचा सिलिंडर असो की सिमेंटची गोणी, घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून येते. सकाळी हा माल उतरत असतो, त्याच सुमाराला मुलं शाळेला निघतात आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून शटल गाडीने पाहुणे येऊ लागतात. दुपारी महात्मा गांधी रस्ता जरा मोकळा होतो. संध्याकाळी चिक्की, मध आणि चपलांच्या दुकानांपुढे पुन्हा गर्दी.

असा तक्ता भिंतीवर लावला की बरेच निर्णय आपोआप होतात. वारसा-फेरी बाजारातून सकाळी काढायची की दुपारी, हा प्रश्न छायाचित्रांना ऊन कसं मिळेल यावर सोडवायचा नसतो. माल उतरवणाऱ्या घोड्यांच्या मध्ये तीस पाहुणे उभे राहिले तर पाहुणे वैतागतात, घोडेवाला वैतागतो आणि एखादा घोडा बिचकला तर कुणाचं तरी हाड मोडतं. फेरी दुपारच्या मोकळ्या वेळात बसवली की तोच रस्ता तिघांनाही पुरतो.

२. वारसा कुणाकुणाचा, ते आधी विचारा

माथेरानची ठरलेली गोष्ट अशी सांगतात: ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली डोंगर चढून आले, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ठिकाणाला आकार दिला, मग बंगले उठले. पुढे सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून नेरळहून डोंगरावर दोन फुटी रुळांची गाडी आणली. १९०४ साली सुरू झालेलं काम १९०७ साली पुरं झालं. आज ही रेल्वे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. हे सगळं खरंच आहे, आणि फेरीत सांगायलाच हवं.

पण याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवायला त्यांनी धान्य कोठ्या काढल्या. १९४२च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्ता या गटाने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. बंगल्यांपुरत्या फेरीत हा माणूस कुठेच येत नाही. पाहुणा बंगल्यांच्या मालकांची नावं ऐकून घरी जातो, आणि त्याच डोंगराने घडवलेल्या भाई कोतवालांचं नाव त्याच्या कानावरही पडत नाही.

त्याच्याही मागे जायचं तर शार्लोट तलावाकाठचं पिसारनाथाचं देऊळ आहे, डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्या आहेत. मॅलेट ज्या डोंगरावर चढले तिथे पोचण्याच्या वाटा या माणसांना आधीपासून ठाऊक होत्या. म्हणून यादी करताना मी प्रत्येक घरी एकच विचारतो: पाहुण्याला एकच जागा दाखवायची तर कुठली दाखवाल? उत्तरं ऐकली की इमारतींची यादी वेगळीच दिसू लागते. कुणी शाळा सांगतं, कुणी बाजारातला ओटा, कुणी पाण्याची जागा.

३. प्रत्येक नियमापुढे दोन रकाने आखा

या सगळ्यातला मुख्य धडा हाच आहे. बाकीचे त्याच्या आजूबाजूचे.

माथेरानचा सगळ्यात मोठा वारसा कुठल्या बंगल्यात नाही, तो गाड्या नसण्यात आहे. हॉर्न नाही, धूर नाही, लाल मातीची वाट आणि झाडांची सावली. पाहुणा यासाठीच येतो. पण ही शांतता फुकट मिळत नाही. तिच्यासाठी रहिवासी रोज पैसे मोजतो. विटेला वाहतूक पडते, पिठाला पडते, सिलिंडरला पडते. घरात म्हातारं माणूस असेल तर दवाखान्यात न्यायचं कसं, हा प्रश्न रात्री-बेरात्री उभा राहतो. रुग्णवाहिकेला मुभा आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला दर आठवड्याला रुग्णवाहिका कोण बोलावणार?

या खर्चातला सगळ्यात जड वाटा हातरिक्षावाल्याने उचलला. एकाने पुढून ओढायची, बाकीच्यांनी मागून ढकलायची, चढावर छाती फुटेस्तोवर. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. त्यांच्याच संघटनेने ई-रिक्षाची मागणी लावून धरली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ई-रिक्षा धावू लागल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा आधी याच लोकांना द्या आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका.

दुसरीकडे घोडेवाल्यांची भीती होती. साडेचारशेच्या वर घोडे, त्यावर जगणारी कुटुंबं. ई-रिक्षा वाढल्या तर आमच्या पोटावर पाय येईल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका बैठकीत एका वयस्क घोडेवाल्याने मला विचारलं, "साहेब, तुमच्या कागदात बंगल्याला जागा आहे, झाडाला जागा आहे. माझा घोडा कुठं बांधायचा?" आराखड्यात खरंच घोड्यांच्या तबेल्याला, चाऱ्याला, लिदीला जागा लागते, आणि बहुतेक आराखड्यांत ती नसते.

तेव्हापासून मी प्रत्येक नियमापुढे दोन रकाने आखतो. हा नियम कुणाला सुखाचा? आणि त्याचा भार कुणावर? दोन्हींत एकच नाव आलं तर पुढे जा. नावं वेगळी असतील तर पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात काय जाणार, हे त्याच ओळीत लिहा. पंगतीत वाढप्यासाठी ताट राखून ठेवतात, तसा हा शेवटचा हिशेब आधीच राखून ठेवावा लागतो. तो न ठेवता केलेला वारसा-आराखडा पहिल्या मोर्चालाच डळमळतो.

४. परिसराची सीमा माणसं झोपतात तिथपर्यंत न्या

केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. निसर्गासाठी डोंगराच्या पायथ्यापर्यंत विचार झाला, हे योग्यच. माणसांचा विचार करतानाही तेवढंच खाली उतरावं लागतं.

वर हॉटेलात भांडी घासणारी, खोल्या आवरणारी, सामान वाहणारी कितीतरी माणसं खाली नेरळात किंवा डोंगरउतारावरच्या वाड्यांत राहतात. आसलवाडी, नाण्याचा माळ, बेकरेवाडी इथली माणसं पायवाटेने वर येतात. दूध, भाजी, घोड्यांसाठी गवत, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन बायका चढतात आणि संध्याकाळी उतरतात. वरच्या नकाशावर यांच्या पायवाटा ठिपक्यांच्याही नसतात.

पाण्याचंही तसंच. माथेरानला शार्लोट तलाव आहे, पण गावाची आणि हॉटेलांची तहान भागवायला नेरळजवळून उल्हास नदीचं पाणी वर चढवावं लागतं. आम्ही खालचे लोक पाण्याच्या या प्रवासाबद्दल हळवे आहोत. आमच्याच खोऱ्यात कुरुंगजवळ पोशीर प्रकल्प नावाचं मोठं धरण मुंबई महानगराच्या पाण्यासाठी २०२५ साली राज्य सरकारने मंजूर केलं. ज्यांची घरं-शेतं त्यात जायची आहेत ते विरोधात उभे आहेत. दुसऱ्याच्या सोयीसाठी आपलं काही जातं तेव्हा नुसत्या अभिमानाच्या भाषणाने समाधान होत नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

म्हणून वारसा परिसराचा नकाशा नेरळ स्थानकापासून सुरू करावा. टॅक्सी स्टँड, स्थानकाबाहेरची फळवाली, वाड्यांच्या पायवाटा आणि त्या वाटांवर एखादी पाणपोई, बसायला ओटा, हे सगळं त्यात धरावं. पाहुणा वाडीतल्या वाटेने चालला, तिथल्या माणसाला वाटाड्या म्हणून घेतलं, तर चार पैसे उतारावरही थांबतात.

५. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात आधी आखा

गाव कितीही सुंदर असो, दारात फसवणूक झाली की पाहुणा तेच घरी जाऊन सांगतो. दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं. किती चालायचं, शटल आहे की नाही, घोड्याचा दर काय, हमालाचा काय. ही माहिती ज्याच्या हातात, त्याच्या हातात पाहुण्याचा खिसा. मार्च २०२५ मध्ये पाहुण्यांची होणारी ही दिशाभूल थांबावी म्हणून गावाने बेमुदत बंद पाळला. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन गावाने दाराची शिस्त मागितली, ही गोष्ट साधी नाही.

माझा अनुभव असा की सुशोभित कमानीपेक्षा तीन साध्या गोष्टी जास्त कामाच्या. एक, अंतर आणि दर मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजरातीत. दोन, घोडा, हमाल, ई-रिक्षा, शटल या सगळ्यांची चौकशी एकाच खिडकीवर. तीन, खरी अडचण आधीच सांगणं: इथून चालावं लागतं, चढ आहे, आज शेवटची शटल अमुक वाजता. ही तिसरी पाटी नेरळ स्थानकातच हवी. आधी कळलेली अडचण पाहुणा हसत सोसतो, नंतर कळली की भांडतो.

६. रस्त्याचा पृष्ठभाग सजावटीवर सोडू नका

लाल माती की फरसबंदी, हा माथेरानचा सगळ्यात तापट वाद. मातीच्या बाजूचे म्हणतात, लाल वाट हीच माथेरानची ओळख. फरशीवाले म्हणतात, इथल्या पावसात ती ओळख वाहून दरीत जाते, उन्हाळ्यात धूळ होऊन नाकात जाते. घोडेवाले म्हणतात, फरशीवर नाल घसरते. ई-रिक्षावाले म्हणतात, मातीच्या चढावर चाक रुततं. चौघेही खरं बोलतात.

सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉकची मुभा दिली आणि आतल्या रस्त्यांना, पायवाटांना नाकारली. वाद मिटवण्याची ही रीत मला मोलाची वाटते. अख्ख्या गावाला एकच उत्तर न देता रस्त्यागणिक विचारायचं, इथे मुख्यतः कोण चालतं? माल आणि आजारी माणूस जातो तिथे टणक पृष्ठभाग, पॉइंटकडे फिरायला जातो तिथे माती. आणि कुठलाही पृष्ठभाग घालण्याआधी पाणी कुठून वाहतं ते पाहायचं. इथे गटार आधी, रस्ता नंतर. एक पूर्ण पावसाळा काढल्याशिवाय कोणत्याही नमुन्याला चांगलं म्हणू नये.

७. घराला वारसा म्हणण्याआधी त्या घरात चहा प्या

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, तेव्हापासून श्रेणी, यादी, परवानगी हे शब्द आपल्याकडे रुळले. पण जुन्या घरात राहणाऱ्याला 'तुमचं घर यादीत घेतोय' म्हटलं की तो आनंदत नाही. त्याच्या डोक्यात गळकं छप्पर, वाळवी लागलेली तुळई आणि परवानगीसाठी घालायचे खेटे येतात. माथेरानसारख्या ठिकाणी सरकारी भाडेपट्ट्याचे भूखंड, त्यावर मालक, मालकाचा रखवालदार, रखवालदाराची तिसरी पिढी. घर कुणाचं आणि घरात कोण, ही दोन उत्तरं बऱ्याचदा वेगळी असतात. दोघांशीही बोलावं लागतं.

सर्वांत उपयोगी ठरणारा कागद म्हणजे न विचारता करता येणाऱ्या कामांची यादी. फुटकी कौलं बदलणं, पावसाआधी ताडपत्री, आत संडास-न्हाणीघर, वायरिंग नवी करणं. ही यादी एका पानावर, सोप्या मराठीत दिली की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी गवंडी आणि सुतार मिळवून दिल्याने जाते.

दारापुढच्या पाहुण्यांचंही आधीच ठरवावं. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये रंगीत घरांपुढे फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने रहिवासी त्रासले. उलट अहमदाबादच्या पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्ली-वस्त्यांमधून, १९९७ पासून सकाळची वारसा-फेरी चालते. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, सोबत माहीतगार. पाहुणा कुणाच्या तरी सोबत आला की तो ओटीवर नमस्कार करतो. एकटा आला की खिडकीत डोकावतो.

८. पाहुण्यांचा आकडा सगळ्यात अरुंद जागेवरून काढा

गावाची क्षमता किती, यावर मोठे अहवाल होतात. मी अरुंद जागा शोधतो. शौचालयं किती, पाणी किती तास, शटलमध्ये जागा किती, दस्तुरीला गाड्या उभ्या करायला जागा किती. यातला सगळ्यात लहान आकडा हीच गावाची खरी क्षमता.

व्हेनिसने २०२४ साली गर्दीच्या निवडक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरोंचं प्रवेश शुल्क लावलं. माथेरानला दारावर प्रवासी कर घ्यायची सवय जुनी आहे. मला दर वाढवण्यात रस नाही, हिशेब लावण्यात आहे. त्याच दारावर एक फळा असावा: मागच्या महिन्यात इतका कर जमा, त्यातून इतका कचऱ्यावर, इतका शौचालयांवर, इतका वाटांवर. पैसे देणाऱ्याला आणि गावाला, दोघांनाही ते कळायला हवं.

९. पावसाळ्याचा आराखडा वेगळा

२६ जुलै २००५च्या पावसाने डोंगररेल्वेचा मार्ग उखडला. गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं. २०१९च्या पावसानंतर नेरळ ते अमन लॉज मार्ग ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिला. एरवीही पावसाळ्यात खालची गाडी थांबते, फक्त अमन लॉज–माथेरान शटल चालते. जो आराखडा मे महिन्याच्या गर्दीवर बेतलाय तो जुलैत निरुपयोगी. हॉटेलातल्या, घोड्यावरच्या माणसाच्या हाताला त्या महिन्यांत काय काम, हे लिहिलं नसेल तर आराखडा अर्ध्या वर्षाचाच. वाटांची, गटारांची, रुळांलगतच्या दरडींची डागडुजी हे ते काम होऊ शकतं. आणि डोंगर ओळखणारी माणसं त्यासाठी बाहेरून आणावी लागत नाहीत.

१०. यश पाहुण्यांवर मोजू नका

वर्षाखेरीस सगळे विचारतात, पाहुणे किती आले? मी दुसरे आकडे मागतो. माथेरानची लोकसंख्या जनगणनेत २००१ साली ५,१३९ होती आणि २०११ साली ४,३९३. पाहुण्यांसाठी गाजणाऱ्या गावातून रहिवासी कमी होत असेल तर कुठेतरी हिशेब चुकतोय. शाळेत पहिलीला किती मुलं बसली? मुख्य रस्त्यावर पिठाची गिरणी, शिंपी, किराणा अजून आहे की सगळीकडे चिक्कीच? इथे जन्मलेल्या तरुणाला लग्नानंतर इथेच खोली मिळते, की नेरळला उतरावं लागतं?

हे आकडे नगरपालिकेला, शाळेला आणि रेशन दुकानाला ठाऊक असतात. त्यासाठी सल्लागार नेमावा लागत नाही. दर दोन वर्षांनी ते गावासमोर वाचून दाखवावेत आणि उतरती रेघ दिसली तर आराखडा बदलावा. तो बदलायचा अधिकार कुणाला आणि कुठल्या बैठकीत, हे कलम आराखड्याच्या पहिल्या पानावर घालायला सांगा. शेवटच्या पानावर गेलं की ते कुणी वाचत नाही.